ऊब आणि श्वास

इसवी सनाच्या चौथ्या शतकातील ही गोष्ट आहे. आज जेथे पॅरिस हे भव्य नगर उभे आहे, तेथे त्या काळी सेन नदीतील एका बेटावर ल्युटेशिया नावाचे लहानसे गाव होते. रोमन साम्राज्यात बादशहाच्या खालोखाल सीझरचा मान असे. ज्युलियन नावाच्या तरुण सीझरने सन ३५८ च्या सुमारास आपला हिवाळी मुक्काम या गावी ठेवला होता.

त्या वर्षी थंडीने कहर केला. संगमरवराच्या शिळांसारखे बर्फाचे मोठमोठे तुकडे नदीच्या पाण्यावरून वाहू लागले. गावातील लोक आपापली घरे विस्तवाने उबदार करीत. परंतु ज्युलियन मोठा निग्रही होता. शरीराला कष्टांची सवय असावी, या विचाराने त्याने आपल्या दालनात विस्तव आणण्यास सेवकांना मनाई केली होती. थंडी दिवसेंदिवस वाढत गेली, तेव्हा त्याने नाइलाजाने एवढीच परवानगी दिली, की ज्वाळा विझलेले थोडेसे निखारे तेवढे आत आणून ठेवावे.

निखारे आले. दालनात ऊब पसरली. ज्युलियनला बरे वाटले असेल. पण ते फार वेळ टिकले नाही. थोड्याच वेळात त्याचे डोके जड झाले, डोळ्यांवर विलक्षण झापड आली आणि जीव गुदमरू लागला. सेवकांनी त्याला उचलून बाहेर मोकळ्या हवेत आणले. वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने पोटातील अन्न ओकून टाकले. रात्र बरी गेली आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामाला लागला. पुढे तो रोमचा बादशहा झाला. सन ३६३ मध्ये ‘दाढीद्वेष्टा’ अशा अर्थाच्या नावाचे एक विनोदी पुस्तक त्याने लिहिले. त्यात ही हकीकत त्याने स्वतःच सांगून ठेवली आहे.

मात्र या संकटाचे कारण ज्युलियनला उमगले नव्हते. निखाऱ्यांच्या उष्णतेने ओल्या भिंतींतील दमटपणा बाहेर आला आणि त्यानेच आपला घात केला, असे त्याला वाटले. भिंती बिचाऱ्या निरपराध होत्या. घात करणारा शत्रू त्या लालबुंद, शांत, निर्धूर निखाऱ्यांतच दडून बसला होता.

या शत्रूची ओळख पटण्यास जवळजवळ दीड हजार वर्षे लागली. आणि योगायोग असा, की त्याचे बिंग त्याच पॅरिस नगरात फुटले. क्लोद बर्नार या थोर फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ च्या सुमारास दाखवून दिले, की कोळशाच्या धगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू थेट माणसाच्या रक्तावर हल्ला चढवितो.

हा वायू निर्माण कसा होतो? कोळसा म्हणजे बहुतांशी कार्बन. जळताना त्याला भरपूर प्राणवायू मिळाला, तर तो पुरता जळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. परंतु निखाऱ्यांच्या राशीत आतपर्यंत हवा पोहोचत नाही. तेथे जळणे अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. खोलीची दारे-खिडक्या बंद असतील, तर खोलीतील प्राणवायू कमी कमी होत जातो आणि हा वायू साठत जातो.

आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचा तांबडा पदार्थ असतो. फुप्फुसांतून प्राणवायू उचलायचा आणि तो शरीराच्या कानाकोपऱ्यात पोहोचवायचा, हे त्याचे काम. जणू तो एक इमानी हमालच. परंतु कार्बन मोनॉक्साइड या हमालाला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट बिलगतो. मग हमालाच्या पाठीवर प्राणवायूसाठी जागाच उरत नाही. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते. पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायूचा पुरवठा होत नाही.

शत्रू समोर दिसला, तर माणूस सावध होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि माणूस दार उघडतो. हा वायू मात्र कोणतीही वर्दी देत नाही. प्रथम डोके दुखते, मग मळमळते, चक्कर येते, हातापायांतील बळ जाते आणि गुंगी येते. दमलेल्या माणसाला वाटते, ही नेहमीचीच झोप. जो आधीच झोपी गेला आहे, त्याला तर काहीच कळत नाही. जे. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९५ च्या सुमारास हा वायू स्वतः हुंगून त्याच्या परिणामांची टिपणे केली. खाणीत उतरताना उंदरासारखे लहान प्राणी वा पक्षी सोबत न्यावे, असे त्याने सुचविले. कारण अशा चिमुकल्या जिवांवर या विषाचा परिणाम माणसाच्या आधी दिसून येतो. त्याप्रमाणे ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे नेऊ लागले. ही प्रथा १९८६ मध्ये बंद झाली आणि पक्ष्यांची जागा यंत्रांनी घेतली.

शास्त्राने शत्रू ओळखला. तरी त्याचे बळी थांबलेले नाहीत. उत्तर भारतात कडाक्याची थंडी पडली, की दिवसभर राबून आलेली माणसे एखाद्या लहानशा खोलीत दाटीवाटीने निजतात. वारा येऊ नये म्हणून दार लावून घेतात, फटींत चिंध्या कोंबतात आणि मध्ये पेटती शेगडी ठेवतात. सकाळी दार उघडत नाही. अशा बातम्या हिवाळ्यामागून हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. महाराष्ट्रातही पूर्वी बाळंतिणीची खोली बंद करून तिच्या खाटेखाली शेगडी ठेवण्याची रीत होती. माया खरी होती, हेतू चांगला होता. परंतु माय-लेकरांच्या वाट्याला उबेबरोबर हा वायूही येत असे. आज शेगडी मागे पडली असली, तरी लहानशा बंद न्हाणीघरात बसविलेल्या गॅस गीझरने तोच घात केल्याची उदाहरणे शहरांत घडतात.

मग माणसाने थंडीत कुडकुडतच राहावे काय? मुळीच नाही. जगातील अतिशय थंड प्रदेशांत राहणाऱ्या लोकांनी यावर मोठ्या चातुर्याने उपाय शोधले आहेत.

उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इन्युइट लोकांचे उदाहरण पाहावे. शिकारीच्या प्रवासात त्यांना लाकूड मिळत नाही, विटा मिळत नाहीत; मिळतो तो फक्त बर्फ. घट्ट बसलेल्या बर्फाचे ठोकळे सुरीने कापून ते त्यांची घुमटाकार झोपडी रचतात. तिला इग्लू म्हणतात. बर्फाच्या घरात ऊब कशी राहील, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या बर्फाच्या कणांत पुष्कळ हवा कोंडलेली असते आणि कोंडलेली हवा उष्णता सहसा बाहेर जाऊ देत नाही. इग्लूचे दार खाली असते आणि निजण्याचा ओटा उंच असतो. थंड हवा जड म्हणून खाली राहते आणि उबदार हवा वर ओट्यापाशी जमते. सीलच्या चरबीच्या तेलावर जळणारा दगडी दिवा आणि माणसांच्या अंगाची ऊब एवढ्यावर भागते. बाहेर उणे ४० अंश सेल्सिअस थंडी असतानाही आतील हवा गोठणबिंदूच्या आसपास किंवा त्याहून थोडी उबदार राहते.

परंतु इग्लूतील खरी शहाणपणाची खूण तिच्या माथ्यावर असते. एवढ्या थंडीतही ते लोक घुमटाला एक लहानसे भोक ठेवतात. त्यातून थोडी ऊब बाहेर जाते, हे त्यांना ठाऊक असते. पण दिव्याची दूषित हवाही त्यातूनच बाहेर जाते. थंडी अडवावी, पण हवा अडवू नये, हा नियम त्यांनी कोणत्याही पुस्तकावाचून जाणला.

आता आपल्या देशाच्या उत्तर सीमेकडे वळावे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास ‘चिल्लई कलान’ नावाचा ४० दिवसांचा अतिशय कडक हिवाळा सुरू होतो. तेथील लोक फेरन नावाचा पायघोळ, सैल झगा घालतात आणि त्याच्या आत कांगडी बाळगतात. कांगडी म्हणजे वेताच्या सुबक टोपलीत बसविलेले मातीचे भांडे. त्यात कोळसा भरून वर निखारे ठेवतात आणि त्यांवर राख पसरतात. राखेमुळे निखारे सावकाश जळतात आणि तासन् तास धग देतात. या साधनातील युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. सबंध खोली तापविण्याऐवजी काश्मिरी माणूस आपल्या झग्याच्या आतली वीतभर जागाच तेवढी तापवितो. त्यामुळे मूठभर कोळशात काम होते.

तथापि कांगडीही निर्दोष नाही. ती कलंडली, तर अंग भाजते, अंथरूण पेटते. वर्षानुवर्षे तिची धग लागून मांड्यांवर आणि पोटावर एक प्रकारचा कर्करोग होतो, असे डॉ. एल्म्स्ली या काश्मीरमध्ये काम करणाऱ्या वैद्याने १८६६ मध्येच नमूद केले होते. शिवाय तिच्यातही कोळसाच जळतो; म्हणून बंद खोलीत कांगडी उराशी घेऊन झोपणे धोक्याचेच. याकरिता काश्मीर आणि लडाखमधील कित्येक घरांत बुखारी वापरतात. ही पत्र्याची बंद चूल असून तिचे धुराडे भिंतीतून किंवा छपरातून बाहेर काढलेले असते. विस्तव घरात राहतो. त्याचा धूर आणि विषारी वायू मात्र धुराड्यावाटे बाहेर जातात. धुराडे काजळीने तुंबले, तर हाच मित्र वैरी होतो. म्हणून हिवाळ्यापूर्वी ते साफ करावेच लागते.

लडाखची गोष्ट याहूनही पुढची आहे. लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथे झाडे विरळ, म्हणून लाकूडफाटा दुर्मिळ. परंतु ऊन मात्र लख्ख आणि भरपूर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. हे ध्यानी घेऊन तेथील काही घरांची मोठी खिडकी दक्षिणेला ठेवतात. कित्येक ठिकाणी दक्षिणेकडच्या भिंतीला काळा रंग देऊन तिच्यापुढे थोडे अंतर सोडून काच बसवितात. काचेतून ऊन आत येते, काळी भिंत ते शोषून घेते, दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू खोलीत सोडते. लेहजवळच्या फे या गावी ‘सेकमॉल’ संस्थेने मातीच्या जाड भिंतींच्या अशा इमारती उभारल्या आहेत. हिवाळ्यात तेथील दक्षिण बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा लावतात आणि उन्हाळ्यात तो काढून ठेवतात. अंगणातील एक पडदा विस्तवाचे काम करतो. जेथे विस्तवच नाही, तेथे त्याचा धूर नाही, राख नाही आणि विषही नाही.

महाराष्ट्रातील थंडी लडाखसारखी नसते. तरीही निफाडच्या शिवारात किंवा महाबळेश्वरच्या पठारावर थंडीची लाट आली, की तेथे पहाटे दवबिंदू गोठतात. आपल्या पूर्वजांनीही याचा विचार केलेला आहे. खेड्यातील शेकोटी नेहमी अंगणात, पारापाशी, उघड्या आभाळाखाली पेटते. तिच्याभोवती माणसे बसतात, गप्पा रंगतात, आणि झोपण्याची वेळ झाली, की शेकोटी बाहेर ठेवून माणसे घरात येतात. घरात उबेसाठी असते ती गोधडी आणि घोंगडी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून घातलेले टाके, आणि मेंढीच्या लोकरीचे विणलेले जाड वस्त्र! या दोहोंच्या पोटात इग्लूच्या बर्फाप्रमाणेच हवा कोंडलेली असते. गोधडी स्वतः तापत नाही; ती आपल्या अंगची ऊब राखते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातूनही जवळजवळ १०० वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. चार माणसे एका लहान खोलीत बसली, म्हणजे अशा चार दिव्यांची ऊब तेथे आपोआप जमते. जमिनीवर गवताची चटई किंवा गोणपाट अंथरावे, खिडकीला जाड पडदा लावावा, डोके आणि पाय झाकावे, गरम पाण्याची रबरी पिशवी कापडात गुंडाळून पायथ्याशी ठेवावी. एवढ्यानेही बहुतेक थंडी हरते.

जेथे विस्तवावाचून गत्यंतर नसेल, तेथे काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. शेगडी बाहेर पेटवावी. ती घरात आणलीच, तर समोरासमोरच्या दोन वाटा हवेसाठी उघड्या ठेवाव्या. शेगडीपाशी कोणीतरी जागे असावे आणि निजण्यापूर्वी ती घराबाहेर न्यावी. ‘आता नुसते निखारेच उरले आहेत’, असे म्हणून ती आत ठेवू नये. ज्युलियननेही नेमके तेवढेच केले होते. खोलीत पाण्याची बादली भरून ठेवली, म्हणजे भय नाही, असा समज काही ठिकाणी आहे. तो खोटा आहे. कारण हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही. सहलीच्या वेळी तंबूत शेगडी वा स्टोव्ह पेटवून निजणे हेही तितकेच घातक होय.

आणि विस्तव असलेल्या बंद खोलीत एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर ते पित्त किंवा जागरण समजू नये. कोणाला बोलावणे पाठविण्याआधी दार उघडावे. सर्वांनी बाहेर पडावे. जो चालू शकत नाही, त्याला उचलून न्यावे. मग १०८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागावी. कारण अशा रुग्णाला दवाखान्यात प्राणवायू द्यावा लागतो. बाहेरच्या थंडीने थोडे काकडावे लागेल. परंतु काकडणारा माणूस जिवंत असतो.

ज्युलियनच्या सेवकांना कार्बन मोनॉक्साइडचे नावही ठाऊक नव्हते. बर्नारचा शोध लागावयास अजून दीड हजार वर्षे होती. त्यांनी केले ते इतकेच, की आपल्या धन्याला उबदार खोलीतून उचलून बर्फाळ रात्रीच्या मोकळ्या हवेत आणले. त्याचे प्राण त्यानेच वाचले.

शब्दार्थ

निग्रही – मनावर ताबा ठेवणारा, निश्चयी. झापड – गुंगी, पेंग. निर्धूर – धूर नसलेला. बिंग फुटणे – गुपित उघडकीस येणे. वर्दी – सूचना, खबर. गोठणबिंदू – ज्या तपमानाला पाण्याचे बर्फ होते तो अंश. तथापि – तरीदेखील. गत्यंतर नसणे – दुसरा उपाय नसणे. पथ्य – पाळावयाचा नियम. काकडणे – थंडीने आखडणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ज्युलियनने आपल्या दालनात काय आणण्यास परवानगी दिली?
(आ) इन्युइट लोक इग्लूच्या माथ्यावर भोक का ठेवतात?
(इ) लडाखमध्ये घराची मोठी खिडकी दक्षिणेला का ठेवतात?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ज्युलियनने सांगितलेले कारण चुकीचे कसे होते?
(आ) धुरापेक्षा कार्बन मोनॉक्साइड अधिक धोक्याचा का?
(इ) कांगडीचे गुण आणि दोष सांगा.
(ई) इग्लू आणि गोधडी यांत कोणते साम्य आहे?

३. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
कहर करणे, बिंग फुटणे, ध्यानी घेणे, गत्यंतर नसणे.

४. ‘थंडी अडवावी, पण हवा अडवू नये’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

५. उपक्रम : आपल्या घरात गॅस, कोळसा किंवा लाकूड जळते अशा जागा कोणत्या आहेत आणि तेथील हवा बाहेर जाण्याची वाट कोणती, हे वडीलधाऱ्यांच्या मदतीने पाहा व वहीत नोंदवा. जेथे वाट नसेल, तेथे काय करता येईल, ते घरच्यांशी बोलून ठरवा.